शेवटचा फ्लो पोचेपर्यंत काम संपत नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक आलेख घेऊन गाइड मॅडमकडे गेले. माझ्या शेड्युलरमुळे नेटवर्कमधल्या फ्लोंना लागणारा सरासरी वेळ कमी झाला होता. मॅडमनी एवढंच विचारलं, "पण काम कधी संपलं?" ते मी मोजलंच नव्हतं!

मॅपरिड्यूससारख्या प्रणालीत एक मोठं काम अनेक सर्व्हरवर वाटलेलं असतं. पहिल्या टप्प्यात तयार झालेला डेटा पुढच्या टप्प्याच्या सर्व्हरकडे जातो, त्याला शफल म्हणतात. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रत्येक प्रवाह म्हणजे एक फ्लो. शंभरातले नव्व्याण्णव फ्लो पोचले तरी काम अडूनच राहतं. सहलीची बस शेवटचा मुलगा चढेपर्यंत सुटत नाही, तसंच.

वहीत करून बघा. दोन लिंक आहेत, प्रत्येकीचा वेग सेकंदाला १ जीबी. ‘अ’ या कामाचे ४ जीबी पहिल्या लिंकवरून जायचेत. ‘ब’ या कामाचे ३ जीबी पहिल्या आणि १० जीबी दुसऱ्या लिंकवरून.

आधी लहान फ्लो सोडला, तर फ्लो ३, ७ आणि १० सेकंदांनी संपतात. फ्लोंची सरासरी ६.६७. पण ‘अ’ ७ सेकंदांनी आणि ‘ब’ १० सेकंदांनी संपतं, म्हणजे कामांची सरासरी ८.५.

आता पहिल्या लिंकवर ‘अ’ला आधी सोडा. फ्लो ४, ७ आणि १० सेकंदांनी संपतात. फ्लोंची सरासरी वाढून ७ झाली, पण कामांची कमी होऊन ७ वर आली. ‘ब’चं काहीच बिघडलं नाही, कारण त्याला १० सेकंद लागणारच होते.

एकाच कामाच्या अशा फ्लोंच्या गटाला मोशरफ चौधरी आणि आयन स्टोइका यांनी २०१२ मध्ये ‘कोफ्लो’ असं नाव दिलं. २०१४ मधली ‘व्हॅरिस’ ही प्रणाली प्रत्येक कोफ्लोची सगळ्यात जास्त अडणारी लिंक बघते आणि जो लवकर संपू शकेल त्याला आधी सोडते. त्यासाठी फ्लोंचा आकार आधी माहीत असावा लागतो. २०१५ मधल्या ‘आलो’ने ती अट काढली. सर्वोत्तम क्रम शोधणं एनपी-हार्ड आहे, त्यामुळे या सगळ्या चांगल्या अंदाजाच्या पद्धती आहेत.

तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहाल, तेव्हा अल्गोरिदमच्या आधी एक ओळ लिहा: मी काय मोजणार आहे, आणि ते सुधारलं तर वापरणाऱ्याला काय मिळेल? मी ती ओळ लिहिली नव्हती, म्हणून माझे चार महिने गेले.