बारा रुग्णांची बातमी आणि विकली जाणारी आशा

‘टाइप 1 मधुमेह बरा झाला’ हा मथळा एव्हाना बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. ज्या घरात लहान मुलाला दिवसातून चार-चार वेळा इन्शुलिन टोचावं लागतं, तिथे तो नातेवाईक, शेजारी, शाळेचा ग्रुप अशा सगळ्या वाटांनी आला असणार. बातमी खरी आहे आणि मोठीही आहे. पण मथळ्यात न मावलेला भाग त्या घरातल्या आईवडिलांच्या जास्त कामाचा आहे.

20 जून 2025 रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने व्हर्टेक्स या अमेरिकी कंपनीच्या ‘झिमिसलेसेल’ या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळपेशींपासून (स्टेम सेल) प्रयोगशाळेत वाढवलेल्या, इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून रुग्णांच्या शरीरात सोडण्यात आल्या. पूर्ण मात्रा एकदाच मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जणांचं बाहेरून घ्यायचं इन्शुलिन वर्षभरानंतर बंद झालेलं होतं. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग बाराही जणांमध्ये थांबले. रात्री दोन वाजता उठून झोपलेल्या मुलाचं बोट टोचणाऱ्या आईला या शेवटच्या वाक्याचं मोल कुणी समजावून सांगायला नको.

आता उरलेला भाग. हे सगळे रुग्ण प्रौढ होते आणि साखर उतरल्याची जाणीवच होत नाही अशा अवघड अवस्थेतले होते. परक्या पेशी शरीरानं नाकारू नयेत म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावी लागतात. अभ्यासातल्या एकूण 14 जणांपैकी दोघे दगावले. एकाला बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर झाला, दुसऱ्याचा आधीपासूनचा मेंदूविकार बळावला. नव्या पेशींवर या मृत्यूंचा ठपका ठेवलेला नाही. पण दाबलेल्या प्रतिकारशक्तीवर असा संसर्ग कसा जिवावर बेततो, ते पहिल्या मृत्यूतून दिसतं. इन्शुलिनवर व्यवस्थित चाललेल्या आठ वर्षांच्या मुलासाठी हा सौदा आज कोणताही जबाबदार डॉक्टर सुचवणार नाही.

इथवर पोचायला किती काळ लागला, हे कळायचं असेल तर डग्लस मेल्टन यांच्याकडे पाहावं. ते हार्वर्डमध्ये बेडकाच्या भ्रूणाची वाढ कशी होते याचा अभ्यास करत होते. 1991 मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला, सॅमला, टाइप 1 मधुमेह निघाला. मेल्टननी बेडूक सोडले आणि स्वादुपिंडाचा अभ्यास हाती घेतला. पुढे मुलगी एमालाही तोच आजार झाला. दरम्यान 1998 मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूळपेशी वेगळ्या काढून वाढवून दाखवल्या होत्या. शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या या पेशींतून इन्शुलिनच्या पेशी का घडवू नयेत, असा विचार मेल्टननी केला. पण ऑगस्ट 2001 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी भ्रूणापासून नव्यानं घडवलेल्या पेशींवरच्या संशोधनाला सरकारी पैसा नाकारला. मेल्टननी खासगी देणग्यांवर स्वतंत्र प्रयोगशाळा थाटली. सरकारी पैशाचा एक डॉलरही तिथे मिसळू नये म्हणून वेगळा हिशेबनीस ठेवला आणि दिव्याच्या बल्बचा खर्चसुद्धा निराळा मांडला. 2004 मध्ये या गटानं 17 नवे पेशीवंश घडवून इतर संशोधकांसाठी खुले केले.

त्यानंतर दहा वर्षं गेली ती पेशी घडवण्याची रीत शोधण्यात. भ्रूणातली मूळपेशी काहीही बनू शकते, हे तिचं सामर्थ्य आहे आणि हाच तिचा धोकाही आहे. तिला स्वादुपिंडातली, इन्शुलिन तयार करणारी बीटा पेशी बनवायची तर नेमकी द्रव्यं, नेमक्या क्रमानं, नेमक्या दिवशी द्यावी लागतात. एखादा टप्पा चुकला तर भलतीच पेशी तयार होते. अर्धवट घडलेल्या पेशी मागे राहिल्या आणि शरीरात गेल्या, तर त्यांची गाठ होऊ शकते. 2014 मध्ये मेल्टन यांच्या गटानं महिन्याभराहून अधिक चालणारी, सहा टप्प्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तोवर त्यांनी कंपनीही काढली होती, सॅम आणि एमा यांच्या नावांवरून ‘सेमा’. व्हर्टेक्सनं 2019 मध्ये ती 95 कोटी डॉलरना विकत घेतली. बाप शास्त्रज्ञ, हाताशी हार्वर्डची साधनं, पाठीशी श्रीमंत देणगीदार, आणि तरीही मुलाच्या आजारपणापासून या 12 रुग्णांपर्यंत यायला 34 वर्षं लागली. ‘दोन महिन्यांत फरक दिसेल’ असं सांगून उपचार विकणाऱ्याची परीक्षा मी याच आकड्यावर करेन.

भ्रूणाचा वाद मला क्षुल्लक वाटत नाही. पाच-सहा दिवसांचं भ्रूण मोडून पेशी काढणं म्हणजे जीव घेणं, असं मानणारी माणसं मनापासून तसं मानतात. आपल्याकडे हा वाद कधी पेटला नाही, संशोधन मात्र झालं. बुश यांनी मान्य केलेल्या जुन्या पेशीवंशांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचे तीन वंश होते. परळच्या एनआयआरआरएच या सरकारी संस्थेनं पुढे ‘किंड-1’ आणि ‘किंड-2’ हे मानवी भ्रूणपेशींचे वंश घडवले. वंध्यत्वाच्या उपचारात उरलेली भ्रूणं जोडप्याच्या संमतीनं वापरावीत आणि 14 दिवसांपुढे वाढवू नयेत, ही आपल्या नियमावलीतली मर्यादा मला योग्य वाटते. शिवाय शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतली पेशी मागे वळवून मूळपेशीसारखी केली, तेव्हापासून भ्रूणावाचूनही वाट आहे. चीनमधल्या तियानजिनच्या एका तरुणीचं इन्शुलिन तिच्याच चरबीतल्या पेशींपासून बनवलेल्या पेशींनी बंद झालं, असं 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. पण यकृत प्रत्यारोपणामुळे ती आधीच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होती. त्यामुळे स्वतःच्या पेशींना औषधं लागतील की नाही, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

आपल्याकडचा नीतीचा खरा प्रश्न दवाखान्यात आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मणक्याची इजा, मधुमेह, गुडघेदुखी, साऱ्यांवर एकच ‘स्टेम सेल थेरपी’ लाखो रुपये घेऊन दिली जाते. भेटायला येतात ते सगळीकडून नकार ऐकून थकलेले आईवडील. कुणी दागिने मोडतं, कुणी शेत विकतं. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. दोष त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्याचा आहे.

‘स्वतःच्याच पेशी, मग अपाय कसला?’ असं सांगितलं जातं. फ्लोरिडात तीन महिलांनी प्रत्येकी 5,000 डॉलर मोजून स्वतःच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. तिघींचीही दृष्टी कायमची गेली. हे 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. परक्या पेशींची कथा त्याहून भयंकर. दुर्मीळ मेंदूविकार असलेल्या एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भातल्या चेतापेशी टोचण्यात आल्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या. तपासणीत त्या गाठी त्याच्या नव्हे, दात्यांच्या पेशींच्या निघाल्या.

नियम आपल्याकडे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत करता येतो. स्वमग्नतेवर अशी थेरपी देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळानं डिसेंबर 2022 मध्ये म्हटलं. तरीही अशा थेरपीच्या जाहिराती थांबल्या नाहीत, कारण कारवाईचा धाक नाही. सरळ मार्ग बंद आहे म्हणून हे करावं लागतं, हा युक्तिवादही टिकत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेली रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशी उपचारपद्धती मूळपेशींची नसली, तरी जिवंत पेशींचीच आहे. ती रीतसर चाचण्यांतून गेली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिला परवानगी मिळाली. राज्याच्या आरोग्य खात्यानं आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेनं तक्रारीची वाट न पाहता स्टेम सेल थेरपीच्या जाहिरातींवरून स्वतःहून कारवाई करावी.

तोवर आईवडिलांनी एवढं करावं. कुणी मूळपेशींचा उपचार सुचवला तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया म्हणजे सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. ती नोंदवही सर्वांना मोफत पाहता येते. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. क्रमांक मिळाला नाही, किंवा पैसे मागितले, तर तिथून उठा आणि मुलाचं इन्शुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.