पाण्यावरचे इंजिन आणि झडपेची वेळ

मिशिगनमधल्या एका तळ्याकाठी मी बरीच वर्षे राहतो. नोकरी मोटारींच्या इंजिनांत गेली, त्यामुळे बोटीचे इंजिनही आपल्याला कळते असा माझा समज होता. जुन्या बोटीतल्या ‘बिग ब्लॉक’ इंजिनाला मी हौसेने जोरदार कॅमशाफ्ट बसवला. रस्त्यावरच्या मोटारीत तो उत्तम चालला असता. पहिल्या रविवारी बोट किनाऱ्याजवळून हळूहळू फिरवली आणि बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी स्टार्टर दाबला, तर ‘टक्’ असा आवाज होऊन सगळे जागच्या जागी अडकले. स्पार्क प्लग काढले तेव्हा सिलिंडरमधून तळ्याचे पाणी बाहेर आले.

हे पाणी वरून आले नव्हते, बोटीला भोकही नव्हते. ते मीच निवडलेल्या कॅमशाफ्टने आत ओढले होते. कसे, ते समजून घेण्यासारखे आहे.

शेव्हरोलेटचे ४५४ घन इंचांचे, म्हणजे ७.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन १९७० मध्ये मोटारींसाठी आले आणि पुढे असंख्य बोटींत बसले. त्यातला कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, झडपा उघडतात. झडप किती उघडते हे लोबच्या उंचीवर ठरते. किती काळ आणि केव्हा उघडी राहते हे त्याच्या आकारावर आणि जागेवर. नवशिका उंची पाहतो. जाणता माणूस आधी वेळ पाहतो.

एक उदाहरण घेऊ. दोन्ही झडपा क्रँकच्या २८० अंशांपर्यंत उघड्या राहतात आणि इनटेक व एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन कॅमशाफ्टच्या मापाने ११२ अंश आहे. मग जुना धूर बाहेर जाताना आणि नवी हवा आत येताना ५६ अंशांपर्यंत दोन्ही झडपा एकदम उघड्या असतात. तोच कोन १०६ केला, तर हा काळ ६८ अंशांवर जातो. इंजिन वेगात असताना बाहेर धावणारा धूर नव्या हवेला मागे ओढून घेतो, त्यामुळे हा काळ उपयोगी पडतो. पण संथ चालीत इनटेकमधला दाब वातावरणापेक्षा बराच कमी असतो. मग एक्झॉस्टमधला वायू उलटा आत शिरतो.

मोटारीत याने इंजिन थोडे धडधडते, इतकेच. बोटीत मात्र इंजिन गार करून आलेले पाणी एक्झॉस्टच्या नळीतच सोडतात, म्हणजे नळी तापून आग लागू नये. उलटा फिरलेला वायू त्या पाण्याचे तुषार बरोबर घेऊन येतो. झडपा गंजतात, आणि पाणी साचले तर पिस्टन अडकतो. पाणी दाबले जात नाही. जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बोटीच्या कॅमशाफ्टमध्ये हा कोन साधारण ११२ ते ११४ अंश ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची. बोटीत मोटारीसारखे गिअर बदलता येत नाहीत. पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फेरे ४००० वरून ४८०० केले, म्हणजे फक्त एक पंचमांश वाढवले, तरी शक्ती सुमारे पावणेदोन पट लागते. ६००० फेऱ्यांना फुलणारा कॅमशाफ्ट तिथवर पोचतच नाही. बोटीचे नाक खाली येऊन ती पाण्याच्या पाठीवर चढते, त्या मधल्या टप्प्यातला जोरही तो घालवून बसतो. आधी पंखा आणि इंजिनाचे सुरक्षित फेरे ठरवावेत, मग कॅमशाफ्ट.

निवड बरोबर झाली तरी बसवताना चूक होऊ शकते. साखळी आणि दात यांच्या घडणीत दोन-चार अंश सहज इकडेतिकडे होतात, म्हणून मोजावे लागते. क्रँकला अंशांची तबकडी लावायची. पिस्टनचा सर्वोच्च बिंदू नुसता पाहून सापडत नाही, कारण तिथे पिस्टन काही अंश जवळजवळ स्थिरच असतो. म्हणून सिलिंडरमध्ये अडसर लावून क्रँक हाताने एका दिशेने टेकेपर्यंत फिरवायचा, मग उलट दिशेने. दोन खुणांचा मध्य तो खरा बिंदू. लोबचे शिखरही तसेच शोधतात. डायल गेजवर शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच उंचीच्या खुणा घ्यायच्या. त्या ६८ आणि १४८ अंशांवर आल्या, तर शिखर १०८ वर.

कागदावर १०८ आणि मोजणीत ११२ आले, तर कॅमशाफ्ट ४ अंश मागे पडला आहे. आपल्या २८० अंशांच्या लोबची इनटेक झडप मग पिस्टन तळाला जाऊन आल्यावर ६८ ऐवजी ७२ अंशांनी बंद होईल. संथ चालीत आत आलेली हवा तेवढी परत ढकलली जाईल आणि खालचा जोर कमी होईल. वेळ दुरुस्त केल्यावर पिस्टन आणि झडपांमधले अंतरही तपासायचे: इनटेकला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर हे प्रचलित किमान माप.

दुसऱ्या वेळी मी ११२ अंशांचा सौम्य कॅमशाफ्ट आणला आणि मोजणी दोनदा केली. सपाट तळाचे टॅपेट असल्याने पहिली वीस मिनिटे इंजिन २००० फेऱ्यांच्या वर ठेवले, कारण संथ चालीत नव्या लोबवर पुरेसे तेल उडत नाही. बागेतल्या नळाचे पाणी जोडून हे सारे घराच्या आवारातच केले.

बोट पूर्वीपेक्षा फार वेगवान झालेली नाही. पण किनाऱ्याजवळ ती शांत चालते, आणि सोमवारी सकाळी सुरू होते. पहिला कॅमशाफ्ट अजून फडताळात आहे. त्याच्यात काही दोष नव्हता. कोणत्या कामाला घेतो आहोत, हे मी विचारले नव्हते.