साखर राहिली बाजूला!

कंपाउंडच्या भिंतीतली फट, गटाराची कड, पायरीचा कोपरा... सदाफुलीला जागा लागतेच किती? चिमूटभर माती मिळाली की झालं! पाणी घालायला कुणी नको, राखण करायला कुणी नको. गुरंसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाहीत, कारण पान असतं कडूजहर. झाडाला काही पळून जाता येत नाही ना, म्हणून तिने पानापानांत शंभरावर रसायनं भरून ठेवली आहेत. खा म्हणावं आता!

ही सदाफुली मूळची आपली नाही बरं का. तिचं माहेर आफ्रिकेजवळचं मादागास्कर बेट. माणसांबरोबर ती जगभर फिरली आणि जाईल तिथे रानोमाळ पसरली. ठिकठिकाणच्या लोकांनी तिचं औषधही केलं. मधुमेहावर तिची पानं चावणारे आजोबा आपल्याकडे भेटतील, आणि पार तिकडे जमैका बेटावरही लोक मधुमेहासाठी तिच्याच पानांचा काढा पीत.

१९५२ साली जमैकातल्या एका डॉक्टरांनी ही पानं पाकिटात घालून कॅनडाला पाठवली, डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे. पानं किती? फक्त २५! क्लार्क यांनी ती आपल्या धाकट्या भावाला दिली. हा भाऊ, रॉबर्ट नोबल, शास्त्रज्ञ होता.

रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. मधुमेहात वाढते ती रक्तातली साखर? जवळजवळ होती तेवढीच. मग अर्क टोचून पाहिला. साखर तरी हलेना, पण उंदीर मात्र आठवड्याभरात पटापट मेले!

साखर राहिली बाजूला, रॉबर्ट यांना नवाच प्रश्न पडला : हे मेले कशाने? तपासल्यावर दिसलं की उंदरांना जंतूंनी घेरलं होतं. जंतूंशी लढतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, आणि नेमक्या त्याच फार कमी झाल्या होत्या.

आता जरा डोकं चालवा. ल्युकेमिया नावाच्या रक्ताच्या कर्करोगात बिघडलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग त्यांना रोखायला पानांतलं हे पांढऱ्या पेशी कमी करणारं रसायनच वापरलं तर?

रॉबर्ट नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी ते रसायन वेगळं काढलं आणि १९५८ साली जगाला सांगितलं. त्याचं नाव व्हिनब्लास्टिन. त्याच सुमाराला अमेरिकेत एली लिली कंपनीतले गॉर्डन स्वोबोडाही सदाफुलीच्याच मागे लागले होते. तिथे तिचं दुसरं रसायन सापडलं, व्हिनक्रिस्टिन. १९६३ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झालं. तेव्हा ल्युकेमिया झालेलं मूल वाचणं फार दुर्मीळ होतं. आज व्हिनक्रिस्टिन आणि इतर औषधं मिळून नीट उपचार झाले, तर लहान मुलांच्या नेहमीच्या ल्युकेमियातून बहुतेक मुलं बरी होतात.

हे औषध करतं तरी काय? एका पेशीच्या दोन होताना आत बारीक धागे तयार होतात. मणी ओवून माळ करावी तसे ते प्रथिनाच्या कणांपासून बनतात, आणि पेशीतला मालमसाला दोन्हीकडे ओढून सारखा वाटतात. सदाफुलीचं रसायन या मण्यांनाच चिकटतं. धागा नाही, तर वाटणी नाही. वाटणी नाही, तर नवी पेशी नाही! भराभर वाढणाऱ्या पेशींना त्याचा फटका जास्त बसतो. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात आणि केसांच्या मुळांतल्याही, म्हणून तर कधी कधी रुग्णाचे केसही गळतात.

एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो सुकी पानं लागतात. म्हणून शास्त्रज्ञांनी यीस्टच्या जनुकांत बदल केले आणि या औषधाचे दोन मुख्य घटक यीस्टकडूनच तयार करून घेतले. ही २०२२ मधली गोष्ट.

पण एक लक्षात ठेवा : औषध मोजून, तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. कच्चं पान विषारी असतं. ते चावायचं नाही, काढाही करायचा नाही.

बघायला मात्र मोकळीक आहे. एक फूल घ्या आणि मोठ्यांच्या मदतीने उभं चिरा. पाकळ्यांखाली लांब, अरुंद नळी दिसेल. परागकण तिच्या आत लपलेले आणि मध अगदी तळाशी. एवढ्या खोल कुणाची सोंड पोचत असेल? फुलावर कोण कोण येतं, ते आठवडाभर वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. आणि हो, फूल चिरल्यावर हात साबणाने धुवा!