पहाटे मरणारे मासे

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमाने प्रयाग चिखलीपाशी सिद्ध होणारी पंचगंगा कोल्हापूर व इचलकरंजी ओलांडून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते, तोवर दोन्ही शहरांचा मैला, साखरधंद्याची मळी आणि उसाच्या फडांतले खत यांचा वाटा तिच्या पदरी पडलेला असतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी तुंबले की एखाद्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन आ वासू लागतात, आणि ऊन चढेपर्यंत पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात. पाण्यात कोणी विष कालवले, असा बोभाटा होतो. वास्तविक ते बहुधा गुदमरलेले असतात.

25 अंश तापमानाला लिटरभर स्वच्छ पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळतो; तेवढ्याच हवेत तो याच्या तीसपटींहून अधिक असतो. मैला किंवा मळी पाण्यात आली की तिच्यावर पोसणारे जिवाणू हे तुटपुंजे भांडवल उधळू लागतात. ही उधळपट्टी मोजण्यासाठी आपल्याकडे नमुना 27 अंशांवर तीन दिवस बंद बाटलीत ठेवतात. स्नानयोग्य पाण्याची ही प्राणवायूची मागणी लिटरमागे 3 मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असा दंडक आहे. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या काळ्या सांडपाण्याची मागणी मात्र शुद्धीकरणापूर्वी हजारोंच्या घरात असते. ती 40,000 धरली, तर त्याचा एक लिटर नदीच्या 5,000 लिटरांचा प्राणवायू फस्त करील.

खताचा मामला याहून गूढ आहे. नत्र व स्फुरद यांवर माजणारे शेवाळ दिवसा प्रकाशाच्या बळावर प्राणवायू निर्माण करते, परंतु रात्री स्वतःच श्वासासाठी तो ओढून घेते. म्हणून पाण्याची शिल्लक नीचांकाला पोहोचते ती नेमकी पहाटे.

प्रदूषणाचे इतर प्रकारही आहेत. कापडावरच्या प्रक्रियेतले रंग प्रकाश अडवितात, जड धातू कुजत नसल्यामुळे गाळात साठतात, आणि रोगजंतू तर नितळ दिसणाऱ्या पाण्यातूनही घरात शिरतात. 2012 मध्ये इचलकरंजीत पसरलेली काविळीची साथ हा त्याचाच दाखला होय.

1974 च्या जलप्रदूषण कायद्याने नाल्याच्या किंवा नळाच्या तोंडाशी बाटली धरता येते. परंतु असंख्य बांधांवरून झिरपणाऱ्या खताला तोंडच नाही, मग नमुना घ्यावा कोठला? त्यात पंचनाम्याला मंडळी जमेपर्यंत ऊन चढते, शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडू लागते, आणि दुपारी भरलेली बाटली नदी ठणठणीत असल्याची साक्ष देण्याचा संभव असतो. तेव्हा अशा नदीची नाडी पाहायची, तर ती पहाटेच पाहिली पाहिजे.