थेंबभर म्हणजे किती?

पिंपळवंडीच्या परिसरात जनावराला औषध पाजणं ही काही नवलाची गोष्ट नाही. नारायणगाव-आळेफाट्याच्या या पट्ट्यात गोठा आणि शेती हातात हात घालून चालतात. वासराला जंताचं औषध कसं द्यायचं, हे घरातल्या पोरांनाही पाहून पाहून ठाऊक असतं. गोठ्यातल्या या अनुभवाचं मोल मोठं आहे, पण पडवीत टांगलेल्या पिंजऱ्यापाशी तोच अनुभव दगा देऊ शकतो. चारशे किलोच्या गाईला औषध थोडं कमी-जास्त झालं तर बहुधा निभावून जातं. बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो पक्षी बहुतेकदा बजरीगर असतो आणि त्याचं वजन साधारण ३५ ग्रॅम भरतं. दहा रुपयांची पाच नाणी तळहातावर ठेवा, ती त्याच्याहून जड भरतील. एवढ्याशा देहाला ‘अंदाजे’ आणि ‘थेंबभर’ हे शब्द परवडत नाहीत. आजारी पाखराच्या बाबतीत औषधाच्या नावाइतकंच मोजमाप आणि पाजण्याची रीत महत्त्वाची असते.

हिशेब करूनच पाहू. समजा एखाद्या औषधाचं प्रमाण किलोमागे १० मिलीग्रॅम आहे. ३५ ग्रॅमच्या पाखराला ते ०.३५ मिलीग्रॅम लागेल. आता घरात लहान मुलाचं उरलेलं सिरप आहे आणि त्याच्या ५ मिलीत २५० मिलीग्रॅम औषध आहे असं धरा. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे त्यात अडीच मिलीग्रॅम औषध आलं. आपल्याला जो ‘फक्त एक थेंब’ वाटतो, तो त्या जिवाला सातपट डोस झाला. म्हणूनच पक्ष्यांचे डॉक्टर आधी पाखराचं वजन करतात, औषध पातळ करून देतात आणि चिठ्ठीवर मिली लिहितात. त्या आकड्यातलं दशांश चिन्ह नजरचुकीने एक घर सरकलं तर डोस दसपट होतो. इन्सुलिनची सिरिंज वापरायची असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, मिलीच्या नव्हेत. ४० युनिटवाल्या सिरिंजमध्ये ४ या खुणेपर्यंत ०.१ मिली भरतं, तर १०० युनिटवालीत त्याच खुणेपर्यंत ०.०४ मिलीच. त्यापेक्षा १ मिलीची, मिलीच्या खुणा असलेली आणि सुई काढता येणारी साधी सिरिंज घ्यावी, आणि कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते डॉक्टरांकडूनच पेनाने आखून घ्यावं.

‘माणसाला चालतं, गाईला चालतं, मग पाखराला का नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर आपल्या देशाने फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना वर्षानुवर्षं दिलं जात होतं. उपचारानंतर लवकरच मेलेल्या गुरांचं मांस गिधाडांनी खाल्लं, तेवढ्याने त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि शरीरात यूरिक आम्ल साचून ती मेली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये हे औषध गुरांसाठी वापरण्यावर आपल्याकडे बंदीची पावलं उचलली गेली. गाईला आराम देणारं औषध गिधाडाला विष ठरलं, कारण पक्ष्याचं शरीर म्हणजे जनावराच्या शरीराची छोटी नक्कल नव्हे. म्हणून घरातली वेदनाशामक गोळी चुरून पिंजऱ्यातल्या पाखराला देणं हा उपचार नाही, तो जिवाशी खेळ आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पोल्ट्रीत हजारो कोंबड्यांना औषध पाण्यातूनच देतात, मग एका पाखरासाठी धरपकड कशाला? पोल्ट्रीत हिशेब कळपाचा असतो. एकेक पक्षी धरणं तिथे शक्यच नसतं आणि किती पाणी प्यायलं जाईल याचा सरासरी अंदाज बांधता येतो. उन्हाळ्यात पक्षी जास्त पाणी पितात हे धरून तिथेही प्रमाण बदलावं लागतं. पिंजऱ्यातल्या एकट्या पाखराला मात्र सरासरी नसते. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, निरोगी असतानाही पाणी कमीच पितो. आजारी पडला की आणखी कमी पितो आणि पाण्याला कडू चव किंवा रंग आला तर वाटीकडे फिरकतही नाही. मग औषध पोटात जात नाही, वर तहानेची भर पडते. डॉक्टरांनी एखादं औषध मुद्दाम पाण्यातून सांगितलं असेल तर ते जरूर तसंच द्यावं. आपल्या सोयीसाठी मात्र ते वाटीत मिसळू नये.

‘पण धरलं की ते घाबरतं, धडपडतं, त्याचे हाल होतात,’ असं कुणी म्हणेल. ही काळजी खरी आहे आणि तिचं उत्तर धरण्याच्या पद्धतीत आहे. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्याचा श्वास चालतो, त्यामुळे छातीवर मूठ आवळली तर तो गुदमरतो. मऊ फडक्यात पंख मिटवून घ्यावेत, मान दोन बोटांमध्ये हलकेच स्थिर ठेवावी आणि छाती मोकळी सोडावी. पाखराला उताणं करू नये, डोकं वर आणि अंग उभं असावं. चोच उघडली की जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचं तोंड उघडंच दिसतं आणि ते झाकायला आपल्या घशासारखी झडप नसते. अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने जाते. म्हणून सिरिंजचं टोक पाखराच्या डाव्या बाजूने, चोचीच्या कोपऱ्यातून आत घेऊन उजवीकडे रोखावं आणि दट्ट्या अगदी हळू दाबावा. थोडं औषध गेलं की गिळू द्यावं, मगच पुढचं. नाकपुडीत बुडबुडा दिसला किंवा पाखरू शिंकलं तर लगेच थांबून त्याला सोडावं. सगळी तयारी आधी केली तर हे मिनिटभराचं काम आहे. रोज मिनिटभर घाबरणं परवडतं, पण औषध न मिळाल्याने आजार बळावणं परवडत नाही.

तोंडात औषध गेलं म्हणजे काम संपलं असंही नाही. गढूळ द्रावणाची बाटली दर वेळी हलवावी, नाहीतर सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी तळाचा गाळ पोटात जातो. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल तर पिंजऱ्यात अडकवलेलं समुद्रफेन काढायचं का, हे विचारावं, कारण त्यातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. पोपटवर्गीय पक्ष्यांना होणाऱ्या सिटाकोसिसवर याच औषधाचा कोर्स परंपरेने ४५ दिवसांचा असतो, आणि हा आजार माणसालाही होतो. म्हणून कोरडी विष्ठा झाडू नये. ती ओली करून, तोंडाला मास्क लावून पुसावी. पाखरू टवटवीत दिसलं म्हणून औषध थांबवू नये. शिकारी टिपतील या भीतीने पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे त्यांच्या दिसण्यावर विसंबता येत नाही. विसंबावं ते काट्यावर. ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी दाण्यांआधी वजन करून दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहावं. ३५ ग्रॅमचे ३२ झाले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं.

शेवटचा आक्षेप पैशांचा. पाखराच्या किमतीहून डॉक्टरांची फी जास्त, त्यात पक्ष्यांचे जाणकार डॉक्टर गाठायला पुण्याला जावं लागणार. अडचण खरी आहे. पण ज्याला पिंजऱ्यात ठेवलं त्याचा स्वतःचं बघण्याचा मार्ग आपणच बंद केला आहे, त्यामुळे बाजारभावाने ही जबाबदारी कमी होत नाही. (आपला देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो पाळायचाच नाही, जखमी सापडला तर वन विभागाला कळवायचं.) गावातल्या पशुवैद्यांनी पुण्यातल्या जाणकारांशी फोनवर बोलूनही पुष्कळ काम होऊ शकतं, मात्र त्यासाठी आपल्या हातात पाखराचं आजचं वजन हवं. चिठ्ठी घेऊन निघण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस आणि कशातून. आणि पहिला डोस डॉक्टरांसमोरच, आपल्या हाताने द्यावा. हात तिथे चुकला तर सुधारता येतो.