नऊशे-दोन आणि नऊशे-आठ

एसजी आयर्न, म्हणजे गोळीदार ग्राफाइटचं ओतीव लोखंड. त्याच्या ग्रेडमध्ये दोन आकडे असतात. ४००-१८ म्हणजे ताणशक्ती किमान ४०० मेगापास्कल आणि तुटण्याआधी नमुना निदान १८ टक्के लांबलाच पाहिजे. आयएसओ १०८३ या मानकातली यादी वाचत गेलं की पुढे ५००-७, ६००-३, ७००-२ येतात. पहिला आकडा चढतो तसा दुसरा उतरतो, आणि शेवटी येतो ९००-२. पण आयएसओ १७८०४ हे दुसरं मानक उघडलं तर त्यात ९००-८ दिसतो. ताकद तेवढीच, लांबण्याची क्षमता चौपट. रसायनात मोठा फरक नाही: दोन्हींत कार्बन साडेतीन टक्क्यांच्या आसपास, सिलिकॉन अडीच, मॅग्नेशियम ०.०३ ते ०.०५. फरक पडतो तो भट्टीत.

मॅग्नेशियममुळे ग्राफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळ्या तयार होतात. कीथ मिलिस आणि सहकाऱ्यांना त्याचं अमेरिकी पेटंट १९४९ साली मिळालं. या गोळ्या ओतकामातच ठरतात. त्या वेड्यावाकड्या आल्या असतील तर पुढची कुठलीही हीट ट्रीटमेंट त्यांना गोल करणार नाही. पैसे मात्र वाया जातील. गोळ्यांनी साधारण दहावा हिस्सा जागा व्यापलेली असते. भट्टी बदलते ती उरलेल्या नऊ हिश्शांची रचना.

गोळी म्हणजे कार्बनची कोठीच. कास्टिंग ९०० अंश सेल्सिअसला तापवलं की त्यातला थोडा कार्बन भोवतालच्या लोखंडात विरघळतो. मग ७०० अंशांच्या आसपास काही तास मुरू दिलं तर तो परत कोठीत जातो आणि मागे मऊ फेराइट उरतो: ४००-१८. तेच कास्टिंग बाहेर काढून हवेत थंड केलं तर कार्बनला परतायला वेळ मिळत नाही, पर्लाइट बनतो: ७००-२. तेलात बुडवून नंतर टेंपरिंग केलं की टेंपर्ड मार्टेन्साइट, म्हणजे ९००-२ पर्यंतची मजल.

९००-८ ची वाट वेगळी आहे. तिला ऑस्टेम्परिंग म्हणतात. कास्टिंग ८५० ते ९५० अंशांना तापवून २३५ ते ४०० अंशांच्या सॉल्ट बाथमध्ये बुडवायचं आणि बहुधा तास-दोन तास तिथंच ठेवायचं. आत फेराइटच्या सुया वाढतात आणि कार्बन बाहेर ढकलतात. एरवी त्याचं कार्बाइड झालं असतं, पण सिलिकॉन ते होऊ देत नाही. मग कार्बन उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये, म्हणजे तापवल्यावर लोखंडाची जी रचना झाली होती तिच्यात, साठत दोन टक्क्यांच्या जवळ पोचतो आणि एवढ्या कार्बनमुळे ते ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानालाही टिकतं. लांबण्याची क्षमता मुख्यतः त्याचीच देणगी.

इथे घड्याळ सांभाळावं लागतं. लवकर काढलं तर अर्धवट राहिलेल्या ऑस्टेनाइटचं थंड होताना मार्टेन्साइट होतं. फार उशीर केला तर कार्बाइड सुटतं. दोन्हीकडे ठिसूळपणाच. बाथ ३७० अंशांच्या आसपास असेल तर ९००-८ च्या जातीचं लोखंड मिळतं. २६० च्या आसपास उतरवला तर १४००-१ कडे, खूप कठीण. म्हणजे ताकद वाढली की लांबण्याची क्षमता घटते हा सौदा इथेही सुटत नाही, फक्त अख्खी रेघ वर सरकते.

जाड कास्टिंगमध्ये अडचण वेगळी. गाभा हळू थंड होतो आणि सॉल्टच्या तापमानाला पोचण्याआधीच त्यात पर्लाइट बनतो. म्हणून तांबं, निकेल, मॉलिब्डेनम मिसळतात. मॉलिब्डेनमचा हात सैल सोडलेला परवडत नाही: ते शेवटी गोठणाऱ्या जागी गोळा होऊन कार्बाइड करतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याला यात रस का असावा? घनता पाहा: पोलाद ७.८, एसजी आयर्न ७.१. आकार तोच ठेवला तर वजन सुमारे दहा टक्के कमी, आणि ताकद अनेक फोर्जिंगच्या तोडीची. फक्त मशीनिंगचा बराचसा भाग आधी उरकून घ्यावा लागतो. ऑस्टेम्परिंगनंतर ड्रिलच्या दाबाखाली त्याच ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं आणि भोक पाडता पाडता धातू आणखी कठीण होत जातो.