घुमटाविना वेधशाळा

ज्या करमाळ्याची ओळख कमलाभवानीच्या देवळामुळे आणि तालुक्याच्या कडेला पसरलेल्या उजनीच्या जलाशयामुळे आहे, तेथील महाविद्यालयात बसून एखाद्या विद्यार्थ्याने कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांची मोजदाद करावी, ही गोष्ट आता कल्पनेच्या प्रांतातली राहिलेली नाही. आणि ती शक्य करणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’ या उपक्रमाची गणना करावी लागेल.

१९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या या संस्थेचे प्रयोजनच मुळी विद्यापीठांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना खगोलसंशोधनाची साधने मिळवून देणे हे होते. पुढे २००२ साली निरनिराळ्या राष्ट्रांतील अशा आभासी वेधशाळांच्या उपक्रमांची आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिली, तेव्हा डॉ. अजित केंभावी यांच्या मार्गदर्शनाखाली आणि पुण्याच्याच पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीच्या सहकार्याने भारतानेही तीत आपला वाटा उचलला.

प्रत्येक वेधशाळेचे दप्तर तोवर तिच्या मर्जीप्रमाणे लिहिलेले, त्यामुळे एकीचा तपशील दुसरीच्या तपशिलाशी ताडून पाहणे जिकिरीचे होई. आघाडीने नोंदींसाठी ‘व्हीओटेबल’ हा सामाईक नमुना ठरविला. तो वाचणाऱ्या आज्ञावली पुण्यात लिहिल्या गेल्या, आणि लक्षावधी नोंदींचा आलेख पडद्यावर काढणारे ‘व्हीओप्लॉट’ हे साधनही येथेच घडले. त्याच्या त्रिमिती आवृत्तीत बिंदूंचा समूह हवा तसा फिरवून न्याहाळता येतो, आणि कोष्टकात न दिसणारी रचना डोळ्यांना जाणवते. अवाढव्य माहिती स्थलांतरित करण्यापेक्षा प्रश्नच माहितीपाशी धाडून निवडक उतारा मागविणे, हे या व्यवस्थेचे मर्म होय. तरीही हे उतारे पुष्कळदा प्रचंड असतात, म्हणून २०१० साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जालासारख्या वेगवान जाळ्याचे महत्त्व.

माहितीच्या अशा खननाचे फळ काय, याचा दाखला २०१७ साली मिळाला. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतातल्या दुर्बिणीने केलेल्या ‘स्लोन’ सर्वेक्षणाच्या नोंदी चाळून आयुका व पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी, सहकाऱ्यांसमवेत, मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर असलेला, ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला दीर्घिकांचा महासमूह शोधला व त्याचे ‘सरस्वती’ असे नामकरण केले.

‘स्लोन’च्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी सर्वांस विनामूल्य खुल्या असून, त्या मागविण्यास परवाना वा शिफारस लागत नाही. तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयाने पदवीच्या भौतिकशास्त्रात निदान एक प्रात्यक्षिक या दप्तरावरचे ठेवावे, आणि एका दीर्घिकेच्या वर्णपटावरून तिचे अंतर विद्यार्थ्याकडून काढवून घ्यावे. पुण्यातील संशोधकही आरंभ याच हिशेबापासून करतो.